एडीएचडी: तपासणी मुलाची, साक्ष मोठ्यांची

पालघरला ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ फुटला. तेव्हापासून डॉक्टरांची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलं तपासतात. काय तपासायचं याची यादी ठरलेली आहे, सुरुवातीला तीस नावांची: दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, मोतीबिंदू, रक्तक्षय, किडलेले दात, फिट्स. त्याच यादीत शेवटाकडे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, आहे. ओठ नजरेला दिसतो, रक्तक्षय डोळ्याची पापणी खाली ओढली की कळतो. एडीएचडीचं तसं नाही. अनोळखी डॉक्टर, वजनकाटा, रांग, शेजारी मुख्याध्यापक. एवढा बंदोबस्त असला की वर्गातलं सगळ्यात वांड पोरही दोन मिनिटं हात बांधून उभं राहतं. मग पथकानं ओळखायचं कसं? आईला विचारून आणि बाईंना विचारून.

यात सरकारी यंत्रणेला नावं ठेवायचं कारण नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञालाही हेच करावं लागतं. रक्ताची चाचणी नाही, एमआरआयमध्ये कळत नाही. शहरांतून ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणून डोक्याला तारा लावून जे रंगीत नकाशे काढून देतात, त्यांवरून एखाद्या मुलाचं निदान ठरवता येत नाही. निदान होतं ते मोठ्यांच्या साक्षीवरून. या आजाराबद्दलचे बहुतेक वाद आणि चुका याच एका गोष्टीतून निघतात असं माझं मत आहे, आणि मुलाला मदत करण्याची वाटही तिथूनच जाते.

साक्ष नोंदवण्याचे नियम मात्र कडक आहेत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या ग्रंथात लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. दोहोंपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं, सहा महिने तरी, त्या वयाच्या इतर मुलांच्या मानानं ठळक दिसायला हवीत. सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावीत. ती निदान दोन ठिकाणी दिसावीत, म्हणजे घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि क्लासला. आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडत असावं. म्हणूनच पंधरा मिनिटांच्या भेटीत, शाळेकडून एक ओळही न मागवता कुणी निदान सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ आईवडिलांकडून आणि शिक्षकांकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतात, जन्मापासूनची हकिकत विचारतात, वह्या आणि शाळेच्या डायरीतले शेरे पाहतात, तेव्हा कुठे चित्र दिसू लागतं. भारतीय मुलांसाठी इन्क्लेन या संस्थेनं वेगळी प्रश्नावलीही तयार केली आहे.

‘दोन ठिकाणी’ ही अट पालकांना कटकटीची वाटते, पण सगळ्यात कामाची तीच. मूल फक्त शाळेतच अस्वस्थ असेल तर शाळेत काय चाललंय ते बघायला हवं. आपल्याकडे याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे घरात अस्सल मराठी बोलणारं, तीन वर्षांचं असताना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नेऊन बसवलेलं मूल. टीचर काय म्हणतात हे त्याला अर्धवट कळतं. न कळणाऱ्या भाषणात कुठलंही शहाणं माणूस खिडकीबाहेर बघतं. ‘लक्ष देत नाही, सूचना पाळत नाही’ असा शेरा डायरीत येतो, आणि शेरा खराच असतो. फक्त त्याचं कारण मुलाच्या मेंदूत नसून प्रवेशाच्या फॉर्मवर असतं.

मूल फक्त घरीच धुमाकूळ घालत असेल तर प्रश्न घराकडे वळतो. भांडणं, मारझोड, वडिलांचं पिणं, नुकतंच आलेलं धाकटं भावंड, रात्री बारापर्यंत चालू असलेला टीव्ही. घाबरलेलं मूल आणि न झोपलेलं मूल ही दोघंही चंचलच दिसतात.

वयाचा घोटाळा याहून बेमालूम. अमेरिकेत २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमा होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान ठरलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त होतं. एका महिन्याच्या अंतरानं मेंदूचा आजार वाढत नाही. वर्गात शेजारी बसणारं मूल जवळजवळ वर्षानं मोठं असतं आणि बाई नकळत त्याच्याशी तुलना करतात. कॅनडा, आइसलंड, तैवान इथल्या नोंदींतही हाच कल दिसला. आपल्या पहिलीच्या वर्गात जूनमध्ये साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल एका बाकावर असतं, आणि ‘वर्ष वाया जायला नको’ म्हणून लवकर घातलेली मुलं तर घरोघरी. तपासायला नेण्याआधी वर्गातल्या इतरांच्या जन्मतारखा बघाव्यात. फुकटचं काम आहे.

साक्षीवर चालणाऱ्या निदानात जसं निष्पाप अडकतं, तसं ज्याच्याविरुद्ध कुणी तक्रारच करत नाही ते सुटून जातं. मुली बहुतांशी अशा सुटतात. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींच्या कितीतरी पट असते; गावोगाव, घरोघर जाऊन मोजलं की ती तफावत बरीच कमी होते. मुलगी बाकावरून उठत नाही, कुणाला ढकलत नाही. ती बसल्या जागी हरवते. डबा विसरते, गणितातलं वजाबाकीचं चिन्ह वाचते बेरजेचं, मैत्रिणीचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलते आणि मग ओशाळते. घरचे म्हणतात वेंधळी आहे, धांदरट आहे, सासरी कसं होणार हिचं. आठवी-नववीत अभ्यास वाढला की गाडी घसरते आणि तेव्हा तिला नेतात ते ‘डिप्रेशन’ म्हणून. न उड्या मारणारा एडीएचडी असतो, ही गोष्ट आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात ठळकपणे यायला हवी.

निदानाआधी नाकारायच्या गोष्टींची यादी लांब आहे. त्यातल्या काही मात्र हमखास राहून जातात. ऐकू कमी येणं, विशेषतः वारंवार कान फुटणाऱ्या मुलांत. दृष्टिदोष. रात्री घोरणं: टॉन्सिल-अॅडेनॉइड वाढलेलं मूल नीट झोपत नाही आणि दिवसभर पेंगण्याऐवजी चवताळल्यासारखं वागतं. काही सेकंद नजर लावून गप्प होणं, जे ‘तंद्री लागते’ म्हणून सोडून दिलं जातं आणि निघतं फिट्सचा एक प्रकार. रक्तक्षय, थायरॉइड. फिट्सवरच्या काही जुन्या औषधांनीही मूल अतिचंचल होतं. आणि अध्ययन अक्षमता, जी एडीएचडीऐवजीही असते आणि एडीएचडीसोबतही. वाचता येत नाही म्हणून लक्ष उडतं की लक्ष टिकत नाही म्हणून वाचता येत नाही, हे सोडवायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज येतो: आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४०च्या दशकात मुलांसाठी लिहिलेल्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करत अख्खं ताट-वाटी अंगावर ओढून घेणारा फिलिप आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे दिलेल्या व्याख्यानांत बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. त्यांनी त्याला नैतिक नियंत्रणाचा अभाव म्हटलं, आणि त्या शब्दाचा वास अजून गेलेला नाही. आपल्याकडे अशी मुलं चौथीत गळायची आणि शेतावर, गॅरेजमध्ये, नाहीतर मुंबईला पळून जायची. त्यांची नोंद ‘नापास’ अशी व्हायची.

किती मुलांना असतो? जगभरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००७ मध्ये झाला, तो आला ५.२९ टक्के. त्या संशोधकांचं जास्त महत्त्वाचं म्हणणं असं की देशादेशांतल्या आकड्यांतला फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतून येतो: कुणाला विचारलं, कुठले निकष लावले, मुलाचं अडतंय की नाही हे पाहिलं का. कोइमतूरच्या प्राथमिक शाळांमधल्या एका पाहणीत ११ टक्क्यांच्या वर आकडा आला. अमेरिकेत २०२२ च्या पाहणीत ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांच्या पालकांनी आपल्या मुलाला कधी ना कधी हे निदान मिळाल्याचं सांगितलं. अमेरिकेत जादा निदान होतंय ही ओरड खरी असू शकते. तिच्या जोरावर आपल्याकडे निदानच टाळणं मात्र चुकीचं आहे, कारण इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळेत पाच वर्षांच्या पोराला घाईनं शिक्का बसतो आणि मेळघाटातल्या आश्रमशाळेत बारा वर्षांच्या पोराला कुणी विचारतही नाही.

कारणांपैकी आनुवंशिकता सगळ्यात मोठी. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून ती साधारण ७४ टक्के धरतात, म्हणजे जवळपास उंचीसारखीच रक्तात उतरणारी. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असलं की शक्यता वाढते. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या चित्रांची मालिका तपासली, तेव्हा मेंदूच्या सालीची वाढ त्याच क्रमानं पण उशिरा होताना दिसली: इतर मुलांत साडेसात वर्षांच्या सुमाराला गाठला जाणारा टप्पा एडीएचडीच्या मुलांत साडेदहाला. हा तीन वर्षांचा उशीर पालकांनी मनात कोरून ठेवावा. दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवली, तर रोजच्या निम्म्या लढाया उभ्याच राहत नाहीत.

साखरेमुळे मूल उधळतं, या समजाला मात्र आधार सापडलेला नाही. १९९४ मध्ये हूवर आणि मिलिच यांनी एक मजेशीर प्रयोग केला. आपल्या मुलावर साखरेचा परिणाम होतो असं मानणाऱ्या आयांच्या मुलांना त्यांनी साखर नसलेलं पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं की यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्यांनी मुलांना टोकलंही जास्त. साक्षीदाराच्या मनात आधीच काय आहे यावर साक्ष किती हलते, त्याचा हा पुरावा. खाण्याच्या कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. साउथॅम्प्टनच्या २००७ च्या अभ्यासात सहा रंगांचा लहानसा परिणाम दिसला आणि २०१० पासून युरोपात अशा पदार्थांवर इशारा छापावा लागतो. मोबाइलनं एडीएचडी होतो असं सिद्ध झालेलं नाही. झोप जाते, आणि झोप गेली की असलेला एडीएचडी उफाळतो.

‘मोबाइलवर गेम खेळताना बरा तीन तास हलत नाही!’ हे वाक्य प्रत्येक घरात निघतं, आणि मूल मुद्दाम करतंय याचा पुरावा म्हणून निघतं. खरं तर तो निदानाच्या बाजूचा पुरावा आहे. गेममध्ये दर काही सेकंदांनी बक्षीस मिळतं. गृहपाठाचं बक्षीस मिळतं सहामाहीच्या निकालात. एडीएचडीच्या मुलाला वाट पाहण्याचा जो त्रास होतो, त्यावर ब्रिटनच्या एडमंड सोनुगा-बार्क यांनी बरंच काम केलं आहे. अमेरिकेचे रसेल बार्कले तर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की या मुलांना काय करायचं हे माहीत असतं; नेमक्या त्या क्षणी, त्या जागी ते करता येत नाही. हे पटलं की आपल्या घराघरांतलं लाडकं हत्यार निकामी ठरतं. ते म्हणजे उपदेश. ‘किती वेळा सांगितलं तुला’ या प्रश्नाचं उत्तर ‘पुष्कळ वेळा’ असंच असतं, आणि माहितीची उणीव नव्हतीच, तेव्हा एकविसाव्या वेळी सांगून काय फरक पडणार.

मदत करायची ती जिथे अडतं तिथे आणि तेव्हा. सकाळचंच बघू. ‘ऊठ, दात घास, आंघोळ कर, दप्तर भर, डबा विसरू नको’ ही पाच कामांची माळ स्वयंपाकघरातून ओरडून सांगितली तर त्यातलं पहिलं होतं, फार तर दुसरं. त्याऐवजी जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, नजर मिळाली की एकच काम सांगायचं, आणि ते झाल्यावर लगेच, तिथल्या तिथे, नाव घेऊन शाबासकी. बाथरूमच्या दाराला कामांची चित्रं. दप्तर रात्रीच भरून दाराशी. वेळ दिसेल असं काहीतरी समोर, कारण ‘दहा मिनिटांत’ या शब्दांना या मुलाच्या लेखी अर्थ नसतो. किचनमधला टायमर किंवा वाळूचं घड्याळ उपयोगी पडतं. गृहपाठ पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून, मधे जिना उतरून चढून यायचं. चांगल्या वागण्याला चिंचोके, टिकल्या, जे घरात असेल ते, आणि त्यांच्या बदल्यात संध्याकाळीच काहीतरी. ‘नव्वद टक्के मिळव, सायकल घेऊ’ हे आमिष वार्षिक परीक्षेइतकंच लांब आहे.

शिक्षा पूर्ण सोडायची असं कुणी म्हणत नाही. ती लहान, ठरलेली आणि ताबडतोब असावी. बापाच्या मूडवर नसावी. मारल्यानं मूल तेवढ्यापुरतं थांबतं, म्हणून मारणाऱ्याला ते परिणामकारक वाटतं. एरवी दिवसभरात या मुलाच्या वाट्याला येणारी बहुतेक वाक्यं ‘नको’, ‘थांब’ आणि ‘तुझ्यामुळे’ यांनी सुरू होतात. त्यांचा हिशेब पुढे नैराश्यात आणि उद्धटपणात निघतो.

एकत्र कुटुंबात हे सगळं राबवणं म्हणजे राजकारणच. आईनं टिकल्यांचा तक्ता लावला की सासूबाई म्हणतात, पोराला लाच कसली देता. आत्या सुट्टीला येते आणि ठरवते की आईच्या नोकरीनं बिघडलाय. वडील म्हणतात मीही असाच होतो, झालो की इंजिनिअर. म्हणून तज्ज्ञांच्या भेटीला एकदा तरी आजी-आजोबांना न्यावं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य सुनेच्या तोंडच्या वाक्यापेक्षा वजनदार ठरतं. अन्याय आहे, पण वापरून घ्यावा. शाळेतही भांडणाऐवजी नेमकं मागावं: पुढचा बाक, फळा पुसण्यासारखी उठायची अधिकृत कामं, आणि रोज दोन-तीनच गोष्टींवर बाईंनी खूण करायचं छोटं कार्ड. साठ मुलांच्या वर्गात बाई याहून जास्त करू शकणार नाहीत.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार-पाच वर्षांच्या मुलांत पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण; औषध नाही. सहा वर्षांपुढे औषध आणि वर्तन-उपचार दोन्ही. औषधाच्या नावानं आपल्याकडे पोटात गोळा येतो, तेव्हा थोडं सविस्तर. रोड आयलंडमध्ये १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीसाठी मुलांना बेंझेड्रिन दिलं आणि डोकेदुखीऐवजी अभ्यास सुधारला. मिथिलफेनिडेट हे आजचं मुख्य औषध १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिअँड्रो पॅनिझॉन यांनी बनवलं. बायकोच्या रीटा या लाडक्या नावावरून ते रिटालिन झालं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या एमटीए अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांना चौदा महिने वेगवेगळे उपचार दिले. मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीखालचं औषध नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा मात्र गटांमधला फरक पुसला गेला होता. माझ्या मते याचा अर्थ औषध निरुपयोगी असा नसून, गोळी सुरू केली आणि लक्ष काढून घेतलं की फायदा टिकत नाही असा आहे.

या औषधानं भूक मंदावते, झोप उशिरा येते, उंचीत थोडा फरक पडू शकतो. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब नियमित मोजायचे आणि गोळी नाश्त्यानंतर द्यायची. योग्य मात्रेत मूल गुंगलेलं दिसत नाही, दिसलं तर डॉक्टरांना सांगावं. व्यसन लागेल ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. स्वीडनमधल्या २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, औषध चालू असलेल्या काळात पुरुषांच्या हातून घडणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी दिसले. भारतात मिथिलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच याची खात्री नाही. जिल्ह्याच्या गावी खेप पडते. अॅटोमोक्सेटिन हे दुसरं औषध तुलनेनं सोपं मिळतं, मात्र त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

कायद्याची बाजू लंगडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. ‘तारे जमीं पर’नं २००७ मध्ये डिस्लेक्सिया घरोघरी पोहोचवला, तसं याच्या वाट्याला काही आलं नाही. दहावीला जादा वेळ हवा असेल तर पुष्कळदा सोबतच्या अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट धरावी लागते. ज्याला नुसता एडीएचडी आहे, त्याच्या पालकांना खिडकीखिडकीवर वाद घालावा लागतो. सातवीतच सरकारी रुग्णालयाची फाइल उघडून ठेवलेली बरी.

एक गोष्ट दवाखान्यात क्वचितच विचारली जाते. आजार इतका आनुवंशिक, तर तक्ता लावणारी आई किंवा गोळीची वेळ सांभाळणारे बाबा यांच्यापैकी कुणाला तरी तोच असण्याची शक्यता चांगलीच आहे. सोनुगा-बार्क यांच्याच गटानं २००२ मध्ये दाखवलं की आईला एडीएचडीची लक्षणं जास्त असतील तर पालक-प्रशिक्षणाचा मुलाला होणारा फायदा घटतो. साहजिक आहे: रोज, वेळेवर, न चिडता, तेच ते करत राहणं हेच तर तिला जमत नाही. तिसऱ्या दिवशी तक्ता रिकामा राहतो, ती स्वतःला दोष देते, डॉक्टर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं कागदावर लिहितात. तेव्हा पहिल्याच भेटीत मुलाच्या प्रश्नावलीसोबत मोठ्यांचीही एक भरून घ्यावी. ‘मीही असाच होतो’ म्हणणाऱ्या बाबांची तर आधी. आणि तक्ता सांभाळायचं काम घरात जो सगळ्यात घड्याळ्या असेल त्याच्याकडे द्यावं, मग ती लाच देता म्हणून कुरकुरणारी आजी का असेना.